थोरली नको, धाकटी दाखवा

दर शनिवारी आमच्या शोरूमची डेमो गाडी धुतली जाते. पायाखालचं रबरी मॅट उचललं की आठवडाभराची गिऱ्हाइकं खाली सापडतात. गुळाचे चिकट तुकडे, उसाचं पाचट, झेंडूच्या पाकळ्या, फौंड्रीतली काळी वाळू. एकदा तर कोंबडीचं अख्खं पीस निघालं होतं. वॉचमन कांबळेमामा पाइप मारतात आणि दहा मिनिटांत सगळं धुऊन जातं. किस्से मात्र धुऊन जात नाहीत. ते साचतच राहतात. मला या नोकरीत नऊ वर्षं झाली. आता रात्री ताटावर बसलं की नवरा टीव्हीचा आवाज बंद करतो आणि विचारतो, "आज कोण आलतं?"

तुम्हालाही सांगते, पण आधी थोडी ओळख करून देते. शिरोलीजवळ, हायवेला लागून आमचं पिकअप गाड्यांचं शोरूम आहे. तिथं मी सेल्सला आहे. दोन मॉडेल आहेत, एक मोठं, एक लहान. कंपनीनं त्यांना झोकदार इंग्रजी नावं दिलीत, पण ती गिऱ्हाइकाच्या तोंडात बसत नाहीत. म्हणून आम्ही म्हणतो थोरली आणि धाकटी. थोरली सगळ्यांच्या ओळखीची. बऱ्याच जणांच्या दारात एक जुनी उभीच असते. माझ्याकडं येतात ते धाकटी बघायला. आणि मोठी गाडी बाळगलेला माणूस लहान गाडी बघायला आला, की तो सरळ तसं कधीच म्हणत नाही. "इथनं चाललोतो, म्हटलं डोकवावं." "पावण्याला घ्यायची हाय." "सहज." मग मी म्हणते, सहज तर सहज, एक चक्कर मारून बघा. धाकटीत सीटा दोनच. चालवायला तो, डाव्या बाजूला मी. गाडी हायवेला लागली की माणूस हळूहळू खरं बोलायला लागतो.

*

सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. कागलकडचे एक काका आले. अंगानं आडवेतिडवे, पांढऱ्या मिशा, बरोबर मेहुणा. काका काचेच्या केबिनकडं बघत म्हणाले, साहेब कुठं हाईत? मी म्हटलं, साहेब आत आहेत, पण गाडी मीच दाखवते. काकांनी छताकडं बघितलं, मग पंख्याकडं, मग मेहुण्याकडं. परक्या बाईशेजारी एकट्यानं बसायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. शेवटी म्हणाले, "मेहुणाबी बसंल की मधी."

मध्ये जागाच नाही, हे मी दार उघडून दाखवलं. काका अडले. मेहुणा मात्र अडला नाही. त्यानं चपला काढून हातात घेतल्या आणि मागच्या हौद्यात चढून उभा राहिला. मी सांगितलं, असं चालत नाही, नियम नाही. तो म्हणाला, "तुमी चला वो, मी काय पडत न्हाय." बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी मी म्हटलं, बरं, पण सर्व्हिस रोडच्या टोकापर्यंतच, आणि तेही बैलगाडीच्या चालीनं.

काका चालवत होते आणि मी जे सांगेन त्याला "हूं" म्हणत होते. मागं मेहुणा केबिनचा दांडा धरून ताठ उभा. चहाच्या टपरीपाशी दोघातिघांनी त्याला हात जोडले. निवडणूक लागली असावी असं त्यांना वाटलं असणार. त्यानंही वाकून नमस्कार केला.

परत आल्यावर काकांनी निकाल दिला. बारकी हाय, जमायची न्हाय. आणि ते त्यांच्या मोटरसायकलकडं चालू लागले. मेहुणा खाली उतरला, चपला घातल्या आणि मला म्हणाला, बुकिंगचा कागद काढा.

काका जागच्या जागी थांबले. "खुळा का काय रे? तू तर चालवलीबी न्हाईस."

"दाजी, मी शेरडांचा व्यापारी," मेहुणा म्हणाला. "आत कोण बसतंय त्येच्याशी मला काय करायचंय? माझी शेरडं जितं हुबारणार तितं मी हुबारून बघितलं. पाय सरकला न्हाय."

*

एमआयडीसीतले मगदूमकाका दुपारच्या सुट्टीत आले. ओतकामाचे लाकडी साचे बनवायचा त्यांचा छोटा कारखाना आहे. ते गाडीत बसले, रिव्हर्स टाकला आणि उलटी गाडी घेऊन शोरूमला एक फेरा मारला. मला वाटलं, गियरचा अंदाज घेतायत. मग दुसरा फेरा मारला. कांबळेमामांनी पहिल्या फेऱ्याला सॅल्यूट ठोकला, दुसऱ्याला ठोकला, तिसऱ्याला खुर्ची उचलून भिंतीला नेली.

मी हळूच विचारलं, काका, एकदा पुढं पण घेऊन बघायची का?

"पुढं काय," मान मागं वळवूनच ते म्हणाले, "सगळ्याच गाड्या जातात."

नंतर कळलं, त्यांची शेड एका बोळाच्या टोकाला आहे आणि तिथं गाडी वळत नाही. बारा वर्षं रोज सकाळी ते थोरली उलटी आत नेत होते. मान कायमची डावीकडं कलली होती. धाकटी तिथं वळते हे त्यांनी बोळ मोजून आधीच ताडलं होतं. उलटी घेऊन बघत होते ते फक्त सवयीनं.

*

वरून एक फॉर्म आला होता. त्यात एक रकाना होता, "लहान वाहनाकडे वळण्याचे कारण". आमचे मॅनेजर शिंदेसाहेब त्या फॉर्मच्या मागं लागले. गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं लिहिलं पाहिजे म्हणाले. महिनाभरानं आम्ही गठ्ठा काढून बसलो. "गुडघा." "पार्किंग." "बायको." "डायवर पळाला." एकानं लिहिलं होतं, "विचारू नये." आणि एका म्हाताऱ्या बागायतदारानं, मोत्यासारख्या अक्षरात, "मुलगा पुण्याला राहिला."

शिंदेसाहेबांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. मग म्हणाले, हा रकाना आपल्याच्यानं भरून पाठवणं होणार नाही. आणि आम्ही सगळ्यांच्या पुढं "सोय" असं लिहून पाठवलं.

*

चौगुल्यांचा किस्सा मात्र बसून ऐकण्यासारखा आहे.

भूपालअण्णा चौगुले गुळाचे व्यापारी. साठी ओलांडलेले, धुतलेला लेंगा, डोक्याला पांढरी टोपी. त्यांनी आल्याआल्या सांगितलं की रिकामी गाडी कुणीबी पळवतंय, मी माझा माल घालून बघणार. बाहेर त्यांची जुनी थोरली उभी होती, तिच्यात गुळाचे रवे. एकेक रवा तीस किलोची ढेप, तागाच्या कापडात गुंडाळलेली. पंचवीस रवे आमच्या धाकटीत चढले. मग म्हणाले, जोतिबाचा घाट.

घाटात सगळ्यात उभं वळण लागलं, तिथं बरोबर मध्यावर त्यांनी गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला. मागून एक बस आली, तिनं हॉर्न दिला, अण्णांनी तिला हातानं पुढं जा म्हटलं. मग हँडब्रेक सोडून गाडी उचलली. वीतभरही मागं आली नाही. माझा जीव भांड्यात पडला.

वर पोचल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि मागच्या काचेतून हौद्याकडं बघत राहिले.

"भरल्यागत दिसतंय, न्हाय?" म्हणाले.

मी म्हटलं, भरलेलीच आहे की अण्णा.

मग ते सांगायला लागले. दोघं भाऊ एकाच पेढीवर. बत्तीस वर्षं. आता मुलं मोठी झाली, म्हणून वाटणी केली. भांडण नाही, वकील नाही, दोघांनी बसून केली. पण माल निम्मा झाला. मोठी गाडी रोज निम्मी रिकामी जाते. "आरशात बघितलं की ती मोकळी जागाच दिसती बगा," म्हणाले. "माल दिसतच न्हाय."

त्यांनी धाकटी घेतली. पांढरी.

आठ दिवस झाले असतील. एक गृहस्थ आले. तसाच लेंगा, तशीच टोपी, नाक तर साच्यातून काढल्यासारखं तेच. बाहेर टेम्पोत पंचवीस रवे. मला कळायचं ते कळलं. त्यांनी नाव सांगितलं, बाळगोंडा चौगुले. जोतिबाचा घाट म्हणाले. त्याच वळणावर, अगदी त्याच मध्यावर गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, सोडला. वर गेल्यावर मागच्या काचेतून बघितलं. आणि लगेच गाडी वळवली.

शोरूममध्ये परत आल्यावर मी रंगांचं पत्रक पुढं ठेवलं. पांढरा, करडा, निळा. त्यांनी करड्यावर बोट ठेवलं, मग निळ्यावर. नजर पत्रकावरच ठेवून मला विचारलं, "अण्णानं कंचा घेटला?"

मी म्हटलं, पांढरा.

"मग मलाबी पांढराच." सही करून पेन परत देताना जरा थांबले. "आणि त्येला सांगू नगा. बाजारात बघंल तवा कळू दे."

*

आता पैलवान. त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही, त्यामुळं मीही पैलवानच म्हणते. तरुणपणी कुस्त्या मारलेल्या, आता दुधाचा व्यवसाय. शहरातल्या जुन्या गल्ल्यांतून कँड, म्हणजे दुधाचे कॅन, पोचवायचे. थोरली गल्लीत जात नाही, त्यामुळं ती नाक्यावर लावून कँड उचलून आत चालत जायला लागायचं. आणि कुस्ती सुटली तरी खुराक सुटला नव्हता, त्यामुळं चालणं होत नव्हतं. शंभर पावलांत धाप लागायची. म्हणून धाकटी बघायला आले.

दार उघडून एक पाय आत घातला. मग दुसरा घालायला गेले तर पोट आणि स्टिअरिंग यांची गाठ पडली. सीट मागं सरकवली, आणखी मागं जात नव्हती. श्वास आत ओढून बसले. सोडला तर हॉर्न वाजला.

शोरूममधलं कुणी हसलं नाही. खरं सांगते, हसावंसं कुणाला वाटलंच नाही, इतका तो माणूस ओशाळला होता. खाली उतरून शर्ट नीट करत म्हणाले, डॉक्टर दोन वर्षं सांगतोय. शुगर हाय. बायको सांगतीया. कुणाचं ऐकलं न्हाय. "आज गाडीनं तोंडावर सांगितलं."

मी म्हटलं, थोरली आहे की, तिच्यात ऐसपैस बसता. ते म्हणाले, नको. हीच. एका महिन्यानं येतो.

आणि एका महिन्यानं आले. गाडी घ्यायला नाही, बसायला. दार उघडून बसले, पोट आणि स्टिअरिंगच्या मध्ये बोट घालून बघितलं. एक बोट गेलं. "चला, येतो," म्हणून गेले. पुढच्या महिन्यात परत. दोन बोटं. आम्हाला त्याची सवयच लागली. महिन्याची पहिली तारीख आली की कांबळेमामा धाकटी फाटकाजवळ आणून ठेवायचे. तीन बोटं झाली त्या दिवशी शिंदेसाहेबांनी स्वतः बाहेर येऊन हात मिळवला आणि बिनसाखरेचा चहा मागवला.

पाचव्या महिन्यात आख्खा पंजा आडवा गेला. पैलवान स्टिअरिंग फिरवत बसले होते, गाल बसले होते पण डोळे लख्ख. आम्ही सगळे भोवती उभे. शिंदेसाहेबांनी बुकिंगचा कागद आधीच भरून आणला होता.

पैलवान खाली उतरले, सगळ्यांकडं बघून हात जोडले. "लई उपकार झालं," म्हणाले. "पण आता गाडी नको. आता कँड घिऊन मी चालतच जातोय की."

*

नदाफचाचांचं सांगते. जुन्या पेठेत त्यांचं घर आहे. गाद्या-उशांचा कारखाना हायवेला, पण राहणं तिथंच, वडलांच्या घरात. त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं की मला हायवेवर चक्कर नको, गाडी माझ्या घरापर्यंत न्यायची, बाकी काही बघायचं नाही.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर माझा धीर खचला. एक रिक्षासुद्धा विचार करून शिरेल अशी जागा. चाचा म्हणाले, थांबा. खाली उतरून त्यांनी एक हाक मारली. पाच मिनिटांत गल्ली बाहेर आली. कुणी स्कूटर पायरीवर चढवली, कुणी पाण्याचं बॅरल आत ओढलं, एका बाईनं वाळत घातलेल्या साड्या गोळा केल्या, दोघांनी एका दुकानाचा पत्रा काठीनं वर उचलून धरला. मी स्टिअरिंगवर सरकले आणि दोन्ही आरसे दुमडले. चाचा पुढं उलटे चालत हातानं दाखवत होते, या, या, थोडं उजवीकडं, या. वाटेत दोन्ही बाजूला चार-चार बोटं जागा होती. त्यांच्या उंबऱ्यासमोर गल्ली दार उघडण्यापुरती रुंद होती, तिथं गाडी उभी राहिली.

मला वाटलं, आता गाद्यांचा गठ्ठा आणून हौदा मोजतील. त्यांनी हौद्याकडं बघितलंसुद्धा नाही. डावं दार उघडलं आणि उंबऱ्यापासून सीटपर्यंतची उंची वितीनं मोजली. एकदा मोजली, परत मोजली. मग आत गेले.

आतून त्यांची आई आली. ऐंशीच्या पुढची, हलकी, पांढऱ्या ओढणीत. एका बाजूला चाचा, दुसऱ्या बाजूला सून. आईंची कंबर कामातून गेली होती. दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नाक्यापर्यंत न्यायला लागायचं. खुर्चीतून नेताना सगळी गल्ली बघते, ते त्यांना आवडत नसे. म्हणून गेली दोन वर्षं त्या दवाखान्यातच जात नव्हत्या. हे मला सुनेनं नंतर सांगितलं.

उंबऱ्यावरून एक पाऊल, आणि त्या सीटवर बसल्या. कुणी उचललं नाही. दार लावून घेतलं, काच खाली करायला सांगितली आणि समोर बघत राहिल्या.

चाचा म्हणाले, अम्मी, झालं, आता उतर. त्यांनी मान हलवली. सून म्हणाली, चहा झालाय, आत चला. त्या म्हणाल्या, "इथंच दे." स्वतःच्या दारात, बंद गाडीत बसून त्यांनी चहा घेतला. गल्लीतल्या बायका एकेक करून खिडकीशी येऊन बोलून गेल्या. अर्धा तास आमची टेस्ट ड्राइव्ह तिथंच उभी होती.

शोरूमच्या रजिस्टरमध्ये शेवटी अभिप्रायाचा रकाना असतो. सगळे "चांगली" किंवा "ठीक" लिहितात. चाचांनी लिहिलं, "दारापर्यंत येते."

*

आणि एक मलकापूरकडचे. तानाजी आणि सुरेखा, नवरा-बायको. दोघं चाळिशीतली. एसटीनं आली होती. बोलत होती ती, गावाकडच्या बायका बोलतात तसं 'येतो', 'जातो' करत; तो मागं उभा. ती म्हणाली, आधी मोठी होती आमच्याकडं, आता लहान बघू म्हणतोय.

मी नेहमीसारखी त्याला चालवायला बसवलं आणि डाव्या सीटवर बसून बेल्ट लावला. त्यानं किल्लीला हात लावला, पण फिरवली नाही. कपाळावर घाम आला. मग पुढं बघतच म्हणाला, "ताई, जरा उतरता?"

मला वाटलं, कागलच्या काकांसारखं असेल, बाईमाणूस शेजारी नको. मी उतरले. दार लागलं आणि गाडी लगेच सुरू झाली. आवारात त्यानं दोन फेऱ्या घेतल्या. इतक्या वर्षांत मी अनेक हात बघितलेत, पण तो हात काही वेगळाच. गियर पडलेला कळत नव्हता. मी थांबवलं, म्हटलं, चला आता रस्त्यावर जाऊ, आणि डावं दार उघडून बसले. इंजिन बंद पडलं. त्यानंच बंद केलं होतं.

पुढच्या मंगळवारी परत आली दोघं. या वेळी शिंदेसाहेब बसून बघू म्हणाले. तेच झालं. डावी सीट रिकामी असली की चालवतो, कुणी बसलं की हात किल्लीवरच राहतो. तो आवारात एकटा फेऱ्या मारत होता तेव्हा सुरेखानं मला सांगितलं.

कोल्हापूरहून भाजी भरून कोकणात न्यायचा त्याचा धंदा होता. दीड वर्षापूर्वी आंबा घाट उतरताना भरल्या गाडीचा ब्रेक लागेना. उजवीकडं दरी, डावीकडं डोंगर. त्यानं गाडी डोंगराला घातली. म्हणून दोघं वाचले. पण डावी बाजू सगळी आत आली. त्या सीटवर तिचा भाऊ होता, संजय. आता काठी घेऊन चालतो, एक पाय वाकत नाही. सगळा गाव म्हणाला, दोन जीव वाचवलेस. संजयही म्हणाला. तानाजी मात्र तेव्हापासून स्टिअरिंगवर बसला नव्हता. भाजी आता ती विकत होती, एसटीनं टोपल्या नेऊन, आठवडी बाजारात.

मी विचारलं, मग गाडी बघायला तो कसा तयार झाला? ती म्हणाली, तयार नव्हता. मी तिकीट काढलं आणि एसटीत बसलो, तो मागनं आला.

तिसऱ्या मंगळवारी साडेअकराला आली. तो गाडीत बसला. मी बाहेरच थांबले, कारण माझा काही उपयोग नव्हता. तेवढ्यात सुरेखानं तिची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली, सरळ चालत गेली आणि डावं दार उघडून आत बसली.

तो म्हणाला, "उतर."

"न्हाय उतरत."

"सुरे, उतर म्हणतोय न्हवं."

तिनं बेल्ट ओढून लावला. "मी रोज एष्टीत टोपली घिऊन हुबारून जातो," ती म्हणाली. "आज मी बसून जाणार हाय."

दहा मिनिटं गाडी तशीच उभी होती. दोघंही समोर बघत होती. डेमो गाडी शोरूमच्या माणसाशिवाय बाहेर सोडायची नाही, हा आमचा पहिला नियम. शिंदेसाहेब काचेतून बघत होते ते मला माहीत होतं. मी त्यांच्याकडं पाठ करून उभी राहिले. मग इंजिनाचा आवाज आला. गाडी हळूहळू फाटकापर्यंत गेली, थांबली, इंडिकेटर दिला आणि हायवेला लागली.

मला वाटलं, पुढच्या पुलापर्यंत जातील आणि येतील. अर्धा तास झाला, तास झाला. शिंदेसाहेब बाहेर येऊन विचारून गेले. मी फोन लावला, तर तो माझ्याच टेबलावर वाजला, तिच्या पिशवीत. अडीच वाजता साहेब म्हणाले, आता पोलिसांना कळवायला लागेल, आणि वर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी म्हटलं, पाचपर्यंत थांबा. काही झालं तर माझ्या जबाबदारीवर. नऊ वर्षांत असं वाक्य मी कधी बोलले नव्हते. कांबळेमामा खुर्ची सोडून फाटकात उभे राहिले होते.

साडेचार वाजून गेल्यावर गाडी आली. सावकाश, कडेकडेनं. चाकांपासून दारापर्यंत चिखलानं माखलेली. आमच्या बाजूला माती काळी. ही तांबडी होती, आंबा घाटाकडं असते तशी.

तानाजीनं गाडी झाडाच्या सावलीत उभी केली, पण उतरला नाही. मी तरातरा गेले. इतका वेळ कुठं होता, फोन नाही, निरोप नाही, काय काय बोलायचं ते सगळं माझ्या तोंडात तयार होतं. मी खिडकीशी पोचले तर त्यानं हात वर करून मला थांबवलं.

डाव्या सीटवर सुरेखा झोपली होती. बेल्ट तसाच, डोकं काचेला टेकलेलं, तोंड थोडं उघडं.

मी आवाज खाली आणला. म्हटलं, अहो, निदान इंजिन तरी बंद करा.

"बंद केलं तर जागी हुईल," तो म्हणाला.